रुग्णसेवेचा खरा खर्च : कृती-आधारित परिव्यय पद्धती

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४). मिशन रुग्णालयांना तो विशेष लागू पडतो. तेथे गरिबांना सवलत रोज दिली जाते. मात्र ती नेमकी किती रुपयांची होती, हे अनेकदा सांगता येत नाही.

रूढ पद्धतीत परिचारिकांचे वेतन, वीज, धुलाई, कार्यालय असा सामायिक खर्च एकत्र करून रुग्णांच्या मुक्कामाच्या दिवसांनी त्याला भागले जाते. कृती-आधारित पद्धतीत प्रश्नच निराळा असतो : या रुग्णासाठी कोणकोणत्या कृती झाल्या आणि प्रत्येकीला कोणाचा किती वेळ लागला? १९८० च्या दशकात रॉबिन कूपर व रॉबर्ट कॅप्लन यांनी ही पद्धती प्रामुख्याने कारखान्यांच्या संदर्भात विकसित केली. ती अवजड ठरू लागल्यावर २००४ मध्ये कॅप्लन व स्टीव्हन अँडरसन यांनी तिचे वेळेवर आधारलेले सुटसुटीत रूप मांडले. २०११ मध्ये कॅप्लन व मायकेल पोर्टर यांनी आरोग्यसेवेसाठी त्याचा पुरस्कार केला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सोळा खाटांच्या विभागात बारा परिचारिका आहेत. प्रत्येकीचा मासिक खर्च २४,००० रुपये, म्हणजे एकूण २,८८,००० रुपये. महिन्याचे रुग्णदिवस ४८० धरले, तर दिवसाला ६०० रुपये पडतात. या हिशेबाने दोन दिवस राहिलेल्या बाळंतिणीवर १,२०० रुपये, तर मधुमेहाने पायाला जखम झालेल्या व दहा दिवस राहिलेल्या वृद्धावर ६,००० रुपये खर्च झालेला दिसतो. साहजिकच वृद्ध हा विभागावरचा भार ठरतो.

आता मिनिटे मोजू. सुट्ट्या, विश्रांती व प्रशिक्षण वजा जाता एका परिचारिकेची महिन्याला सुमारे १०,००० मिनिटे कामासाठी उरतात. म्हणजे मिनिटाला २ रुपये ४० पैसे. बाळंतिणीला एकूण ७०० मिनिटे लागली. वृद्धाला मलमपट्टी व औषधांसाठी रोज ७० मिनिटे लागली. दहा दिवसांची तीही ७०० च झाली. दोघांचा परिचारिका-खर्च सारखाच, १,६८० रुपये! वृद्धाला लवकर घरी पाठविण्याची घाई ज्या आकड्यावरून झाली असती, तो आकडाच फसवा होता.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट उघड होते. विभागाच्या १,२०,००० मिनिटांपैकी ९०,००० च वापरली गेली, तर उरलेल्या मिनिटांचे ७२,००० रुपये हा रिकाम्या क्षमतेचा खर्च होय. तो रुग्णांच्या बिलात ढकलणे आम्हांस अयोग्य वाटते. तो व्यवस्थापनापुढे स्वतंत्र मांडला जावा.

आपल्या संस्थांपुरता एक मुद्दा पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. धर्मभगिनी अल्प मानधनावर सेवा करतात. तोच आकडा हिशेबात धरला तर सेवा खरी आहे त्याहून स्वस्त दिसते, आणि त्यांच्या जागी वेतनावरील परिचारिका नेमण्याची वेळ येताच सारी गणिते कोलमडतात. म्हणून त्यांचा वेळ बाजारातील वेतनाने मोजावा आणि फरक ‘सेवादान’ म्हणून वेगळा दाखवावा. भयभीत रुग्णापाशी बसलेल्या सिस्टरची दहा मिनिटेही याच नोंदीत यावीत. ती ‘वाया गेलेली’ म्हणून कापणारा हिशेबनीस आम्हांस नको.

महाराष्ट्रात या हिशेबाला कायद्याचेही अंग आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तर उपचारांचे दर ठरलेले असतात. मिळणाऱ्या रकमेत कोणता उपचार भागतो आणि कोणत्यासाठी देणगी मागावी लागेल, हे कृतीनिहाय खर्चाशिवाय कळत नाही.

सुरुवात लहान असावी : एक विभाग, दोन आजार, एक महिना. हिशेबनीसाने विभागप्रमुख सिस्टरसोबत बसून रुग्ण दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंतच्या कृती क्रमाने लिहाव्यात आणि मिनिटांची नोंद साध्या वहीत करावी. रात्रपाळीची नोंद मात्र वेगळी ठेवावी, कारण रात्री तेच काम कमी हातांनी करावे लागते.