परसांतील प्रखर आंच

मोहन्याच्या एका परसांत परवां गॅसची मोठी शेगडी घरघरत होती. तीवर लोखंडी कढईंत चिनी पद्धतीनें भाज्या परततां येत होत्या. आंच मंद असली, तर सुटलेलें पाणी आटत नाहीं आणि भाज्या नुसत्या शिजतात. मला लग्नांतला चर आठवला. मांडवामागें खणलेल्या त्या चरांत जाळ धडधडे आणि आचारी मोठाल्या कढया चढवीत. १८९२ सालीं स्वीडनमध्यें लिंडक्विस्ट यांनीं प्रायमस स्टोव्ह काढला. दाबानें चढणाऱ्या रॉकेलची वाफ जळूं लागली. १९५५ सालीं मुंबईंत गॅसच्या टाक्या आल्या. विस्तव घरांत शिरला, पण त्याचा धर्म पालटला नाहीं. कोंदट जागीं प्रखर जाळापासून विषारी वायु सांठतो; त्याला ना रंग, ना वास. आपल्या आचाऱ्यांनीं चर उघड्यावर खणला, तो उगीच नव्हे.