वॉरंटी म्हणजे विमा नव्हे

इलेक्ट्रिक गाडीला वर्ष पूर्ण झालं की विम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज येतो, आणि सोसायटीच्या पार्किंगपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच सल्ला मिळायला लागतो. ‘ओन डॅमेज’चे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे पैसे कशाला भरता? थर्ड पार्टी पुरे.

हा सल्ला उडवून लावण्यासारखा नाही. पूर्वपक्ष नीट मांडायचा तर असा : सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८पासून नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे कायद्याची गरज भागलेली असते. त्या हप्त्यात सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सवलत दिली आहे. गाडीत इंजिन नाही, गिअरबॉक्सची कटकट नाही. महाग वस्तू एकच, ती म्हणजे बॅटरी, आणि तिला बहुतेक कंपन्या आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. मग दरवर्षी हजारो रुपये घालवायचे कशासाठी?

सवलतीचं आधी पाहू. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांत पेट्रोल गाडीचा हप्ता सीसीवर ठरतो आणि इलेक्ट्रिक गाडीचा मोटरच्या किलोवॉटवर. बॅटरीच्या किलोवॉट-तासावर नाही. शोरूममध्येसुद्धा या दोन आकड्यांची सर्रास गल्लत होते. पायऱ्या तीन : ३० किलोवॉटपर्यंत १,७८० रुपये, ३० ते ६५पर्यंत २,९०४ आणि त्यावर ६,७१२. आता टाटा नेक्सॉन घ्या. पेट्रोल नेक्सॉन ११९९ सीसीची, म्हणून तिचा वर्षाचा हप्ता ३,४१६. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची मोटर ९५ किलोवॉटची, म्हणून तिचा ६,७१२. एकाच सांगाड्याची गाडी, ताकदीतही फारसा फरक नाही, आणि सवलत धरूनही हप्ता जवळजवळ दुप्पट. टियागोच्या बाबतीत मात्र सवलत खरीच पदरात पडते, कारण तिची मोटर ६५च्या आत आहे. तेव्हा ‘इलेक्ट्रिकचा विमा स्वस्त’ हे सरसकट वाक्य कागदावर टिकत नाही.

पण हा किरकोळ मुद्दा झाला. खरा घोळ वॉरंटीचा आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मेहुण्यांची गाडी आंबा घाटात एका दगडावरून गेली. दरडीतून सुटलेला, नारळाएवढा दगड. खालून धाडकन आवाज आला, गाडी चालत राहिली, आणि रत्नागिरीच्या अलीकडे डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा मी तिथे होतो. बॅटरीच्या खालच्या पत्र्याला तळहाताएवढा खड्डा, कडेचं सील फाकलेलं आणि तिथून कूलंटचा थेंब थेंब गळत होता. मेहुण्यांनी लगेच वॉरंटीची पुस्तिका पुढे केली. सुपरवायझरने टॉर्च फिरवून त्या खड्ड्यावर उजेड पाडला. “साहेब, हा बाहेरून बसलेला मार आहे. वॉरंटीत बसणार नाही.”

त्याचं बरोबर होतं. कारखान्यातून निघताना वस्तूत जो दोष असेल, किंवा बॅटरीची क्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली, तर त्याची जबाबदारी वॉरंटी घेते. अपघात, पुराचं पाणी, बाहेर केलेली दुरुस्ती यांना ती आधीच वगळते. विम्याची रीत नेमकी उलटी. बाहेरून आलेल्या आपत्तीची भरपाई तो देतो. झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड त्याच्या कक्षेत नाहीत. दोघांच्या हद्दी वेगळ्या आहेत, त्यामुळे एक आहे म्हणून दुसरा नको, हा युक्तिवादच उभा राहत नाही.

यावर दुसऱ्या टोकाचं उत्तर येतं : विमावालेही बॅटरीचं काही देत नाहीत. हेही चूक. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत आग, स्फोट, पूर, दरड यांच्या यादीतच ‘आपोआप पेट घेणे’ हे कारण स्पष्ट लिहिलेलं असतं. २०२२मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरी पेटल्याच्या बातम्या आल्या तेव्हा ज्या भीतीने लोक हबकले, तिचा उल्लेख पॉलिसीत फार आधीपासून आहे.

मग मेहुण्यांनी विम्याचा दावा केला तेव्हा त्यांना पूर्ण पैसे का मिळाले नाहीत? एका शब्दामुळे. सुटे भाग बदलताना घसारा किती कापायचा याचा तक्ता २००२च्या इंडियन मोटर टॅरिफमधून आला. ‘ओन डॅमेज’चे दर २००७मध्ये खुले झाले, पण पॉलिसीची भाषा बरीचशी तीच राहिली. त्या तक्त्यात रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब आणि एअरबॅग यांच्या रांगेत ‘बॅटरी’ बसली आहे, आणि या सगळ्यांवर कपात ५० टक्के. तो तक्ता लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बॉनेटखालची, काही हजारांची, आम्लाच्या पाण्याची बॅटरी होती. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा जिच्यात आहे ती चाकं फिरवणारी बॅटरी तेव्हा भारतात विरळाच होती. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने मात्र तक्त्यावर बोट ठेवलं आणि निम्मी रक्कम कापली. वीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या शब्दाने आजच्या माणसाचे काही लाख जावेत, हा मला अन्याय वाटतो. विमा नियामकाने या दोन बॅटऱ्यांना दोन नावं द्यायला हवीत आणि ते तातडीने व्हायला हवं.

तरीही निम्मे पैसे आले ते ‘ओन डॅमेज’मुळेच. पार्किंगमधला सल्ला ऐकून मेहुण्यांनी तो हप्ता वाचवला असता तर वर्कशॉपचं सगळं बिल त्यांच्या खिशातून गेलं असतं.

म्हणून माझी बाजू अशी. इलेक्ट्रिक गाडीला सर्वसमावेशक विमा पेट्रोल गाडीपेक्षा जास्त गरजेचा आहे, कारण तिच्या किमतीचा मोठा हिस्सा जमिनीपासून वीतभर उंचीवर, एका बंद पेटीत असतो. आणि वॉरंटी व विमा यांच्या मधली जी फट उरते, म्हणजे पार्किंगमध्ये पाणी तुंबून आत शिरलेली ओल किंवा चार्जिंग करताना विजेच्या चढउताराने जळलेला चार्जर, तिच्यासाठी बॅटरी संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. नुसतं ‘झिरो डेप’ (घसारा न कापण्याची जोड) घेतलं म्हणजे मुख्य बॅटरी आलीच, असं गृहीत धरता येत नाही.

यंदा नूतनीकरणाच्या वेळी मेहुण्यांनी एजंटला एकच प्रश्न ईमेलने विचारला : मुख्य बॅटरी बदलावी लागली तर घसारा किती कापणार? फोनवर तो “काळजी करू नका” म्हणाला होता. लेखी उत्तर यायला नऊ दिवस लागले. तोवर मेहुण्यांनी पैसे भरले नाहीत, आणि उत्तर आल्यावर कंपनी बदलली.