कीटो आहार : सुरू करण्यापूर्वी

कासारवाडी - वजन आटोक्यात असूनही केवळ प्रकृती उत्तम राहावी म्हणून कीटो आहाराकडे वळणाऱ्यांनी त्याचे मूळ ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये हा आहार अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचविला. औषधांना दाद न देणाऱ्या बालकांना तो आजही वैद्यकीय देखरेखीखाली दिला जातो.

यात कर्बोदके दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅम ठेवतात. मग यकृत चरबीपासून कीटोन तयार करते व शरीर तेच इंधन म्हणून वापरते. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ३८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे पहिल्या पाळीला निघतानाच्या न्याहारीतच दिवसाचा बहुतेक वाटा संपतो. भाकरी, भात, साबुदाणा वर्ज्य. अंडी, मासे, पनीर, पालेभाज्या चालतात. उसळी मोजूनच.

आरंभी डोकेदुखी, थकवा, बद्धकोष्ठता संभवते. काहींचे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते. निरोगी व्यक्तीस दीर्घकाळ लाभ होतो, याचा भक्कम पुरावा नाही.

कोणी टाळावा?
गर्भवती तसेच मूत्रपिंड, यकृत वा स्वादुपिंडाचे विकार असलेल्यांनी. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर एकाएकी उतरू शकते. 'ग्लिफ्लोझिन' गटातील गोळ्या चालू असल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तातील आम्लता वाढू शकते. अशा रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हा आहार सुरू करू नये. इतरांनीही साखर, लिपिड व क्रिएटिनिनची तपासणी आधी करून घ्यावी.

मध्यममार्गही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. त्यासाठी ताटातील भाकरी पूर्ण सोडावी लागत नाही.