काटेरी शार्क : ओळख आणि मोजमाप

काटेरी शार्क (एकिनोऱ्हायनस ब्रुकस) हा खोल समुद्रात तळालगत वावरणारा, जाड बांध्याचा, संथ हालचालींचा शार्क आहे. बोनातेर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1788 मध्ये त्याचे वर्णन केले. अटलांटिक, भूमध्य समुद्र, हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिक या भागांत तो तुरळक आढळतो. तो क्वचित उथळ पाण्यात येतो. त्याचे नेहमीचे वास्तव्य मात्र 400 ते 900 मीटर खोलीवर असते. त्याच्या प्रजातीत आज दोनच जाती मानल्या जातात. दुसरी जात एकिनोऱ्हायनस कुकी ही पॅसिफिकमध्ये राहते.

आढळ : भारतात या शार्कची माहिती मुख्यतः अरबी समुद्राच्या दक्षिण भागातून, कोची बंदरात उतरलेल्या माशांवरून मिळाली आहे. महाराष्ट्राच्या बंदरांत तो सहसा येत नाही, याला समुद्रतळाची रचना कारणीभूत आहे. उथळ समुद्रबूड जमिनीची पट्टी मुंबईसमोर सुमारे 300 किमी रुंद आहे आणि केरळकडे ती अरुंद होत जाते. विजयदुर्गापासून सुमारे 105 किमी पश्चिमेला असलेल्या आंग्रिया बँकेचा माथाही उथळच आहे. खोल उतार त्याच्या पलीकडे लागतो. त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरणारी किंवा देवरूखसारख्या आतल्या गावाच्या बाजारात दिसणारी मोरी (मुशी) ही बहुधा किनाऱ्याजवळची असते. स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस हा लहान शार्क त्यांतला सर्वांत परिचित आहे.

ओळख : खोल पाण्यातले शार्क ओळखताना लक्षणे ठरावीक क्रमाने पाहावी लागतात. पहिली पाहणी कल्ल्यांच्या फटींची. काटेरी शार्कला त्यांच्या पाच जोड्या असतात आणि पाचवी फट सर्वांत मोठी असते. सहा जोड्या असतील तर तो हेक्झँकस गटातला निघतो. दुसरी पाहणी गुदपक्षाची. शेपटीच्या अलीकडे पोटाखाली असणारा हा पर काटेरी शार्कला नसतो, मोरीला असतो. तिसरी पाहणी पाठीवरच्या परांची. ते दोन, लहान, एकमेकांजवळ आणि शरीराच्या बऱ्याच मागच्या भागात, पोटाखालच्या परांच्या वर असतात. त्यांच्यापुढे टोकदार काटा नसतो. सेंट्रोफोरस प्रजातीच्या शार्कांना असा काटा असतो, त्यामुळे कोचीत एकाच बंदरावर उतरणारे हे दोन गट सहज वेगळे करता येतात.

शेवटची पाहणी त्वचेची. काटेरी शार्कच्या अंगावर मोठे, विरळ, वेडेवाकडे विखुरलेले काटेदार खवले असतात. त्यांतले काही तळाशी एकमेकांना जुळून चकत्या बनतात. कुकी जातीचे खवले बारीक व दाट असून त्यांच्या तळाची कड चांदणीसारखी असते, आणि ते जुळलेले नसतात. पिलांच्या बाबतीत हे लक्षण जपून वापरावे लागते. गर्भातल्या पिलाचे काटे पुरते वाढलेले नसतात, म्हणून केवळ त्वचेवरून पिलाची जात ठरवणे धोक्याचे असते. अशा वेळी परांची जागा, दातांचा आकार आणि मादी हाताशी असल्यास तिची लक्षणे यांवर भर देतात. ऊतीचा लहान तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला, तर जनुकीय तपासणीने खात्री करता येते.

मोजमाप : मासा सपाट जागी सरळ ठेवून मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचे अंतर सरळ रेषेत घेतात, याला एकूण लांबी म्हणतात. टेप शरीराच्या फुगीर भागावरून फिरवल्यास आकडा वाढतो. शेपटीची वरची पाळी नैसर्गिक स्थितीत ठेवली की शरीराच्या रेषेत ताणली, यानेही फरक पडतो, म्हणून पद्धत नोंदीत लिहिणे आवश्यक असते. त्याशिवाय शेपटीच्या उगमापर्यंतची लांबी, मुस्कटापासून प्रत्येक पराचे अंतर, पाठीवरच्या दोन परांमधले अंतर, तोंडाची रुंदी आणि डोळ्याचा व्यास मोजतात. लहान मापांसाठी कॅलिपर वापरतात. ही मापे एकूण लांबीच्या टक्केवारीत मांडली की 50 सेंमीचे पिल्लू आणि 3 मीटरचा प्रौढ यांची तुलना करता येते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला मासा आकसतो. त्यामुळे मापे ताज्या माशाची घेणे उत्तम.

नराच्या पोटाखालच्या परांना जोडून आलिंगक (मीलनाचे अवयव) असतात. त्यांची लांबी घेतात आणि ते मऊ आहेत की कडक, हे पाहतात. कडक आलिंगक नर वयात आल्याचे दाखवतात.

पिले : मादी अंडी घालत नाही. पिले गर्भाशयातच अंड्यातल्या पिवळ्या बलकावर वाढतात आणि जिवंत जन्मतात. मोरीच्या पिलांप्रमाणे त्यांना मातेशी जोडणारी वार नसते. डाव्या आणि उजव्या गर्भाशयातली पिले वेगळी मोजतात. प्रत्येकाची लांबी, वजन, लिंग आणि पोटाशी लोंबणाऱ्या बलक-पिशवीचा आकार नोंदवतात. पिशवी मोठी असेल तर जन्माला अवकाश आहे. ती आत ओढली जाऊन फक्त व्रण उरला असेल तर जन्म जवळ आला आहे. ओढून वर काढताना गाभण मादी काही पिले टाकते, म्हणून बंदरावर मिळालेली संख्या खऱ्या संख्येपेक्षा कमी असू शकते.

जन्माच्या वेळची लांबी दोन बाजूंनी ठरवतात : गर्भातले सर्वांत मोठे पिल्लू आणि समुद्रात मोकळे सापडलेले सर्वांत लहान पिल्लू. अरबी समुद्राच्या आग्नेय भागातल्या काटेरी शार्कांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जन्माच्या वेळची लांबी 42 ते 46 सेंमी, एका मादीची पिले 10 ते 36, आणि निम्मे मासे प्रौढ असण्याची लांबी नरांत सुमारे 187 व माद्यांत सुमारे 189 सेंमी आढळली. म्हणजे नुकतेच जन्मलेले काटेरी पिल्लूही बाजारातल्या वयात आलेल्या मोरीएवढे किंवा तिच्याहून लांब असते. लहान दिसतो म्हणून मासा मोरी समजला गेला, तर एक दुर्मिळ नोंद कायमची हातची जाते.

महत्त्व : खोल समुद्रातल्या शार्कांचे यकृत मोठे आणि स्क्वालीन या तेलकट द्रव्याने समृद्ध असते. त्यासाठी या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिण भारतात त्यांची मासेमारी वाढली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत काटेरी शार्क आज संकटग्रस्त आहे. उशिरा वयात येणारी जात किती मासेमारी सोसू शकेल, हे जन्माची लांबी, पिलांची संख्या आणि प्रौढत्वाची लांबी यांसारख्या मापांच्या आधारे ठरवतात. ही मापे चुकली तर संरक्षणाचा हिशोबही चुकतो. म्हणून असा मासा जाळ्यात आल्यास दोन्ही बाजूंनी, पाठीवरून आणि पोटाकडून मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत. तारीख, जागा, खोली आणि जाळ्याचा प्रकार लिहावा. आणि रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाला किंवा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राला कळवावे.