पायी चालणाऱ्याला कुठे पाठवलं?

शहरांच्या इतिहासावरच्या या मालेत आज आपण अमेरिकेतल्या तीन शहरांच्या डाउनटाऊनमध्ये, म्हणजे जुन्या मध्यवर्ती व्यापारपेठेत, फिरून येणार आहोत. ह्यूस्टन, अटलांटा आणि लॉस एंजेलिस. तिन्ही ठिकाणी मोटारीवाचून पान हलत नाही. म्हणूनच तिथे पायी फिरायचं.

आमचा विषय तत्त्वज्ञान. निवृत्तीनंतर आम्ही या इतिहासाकडे वळलो, त्याला एक रविवार कारण झाला. काही वर्षांपूर्वी ह्यूस्टनला मुलाकडे गेलो होतो. त्याने सकाळी आम्हां दोघांना डाउनटाऊनमध्ये सोडलं. उंचच उंच इमारती, रुंद फुटपाथ, सिग्नल चालू, आणि माणूस नाही. अर्धा तास चाललो. चहा तर राहोच, टेकायला बाकही दिसेना. शेवटी एक गाडी थांबली आणि आतल्या बाईंनी काळजीने विचारलं, "गाडी बंद पडली का?" त्यांच्या आवाजात खरी माया होती. पण तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. चालताना दिसलेला माणूस अडचणीतच असणार, असं एखाद्या शहराला कधीपासून वाटू लागतं?

यावर नेहमीचं उत्तर असं की ही शहरं मोटारीसाठीच बांधली गेली. आता हे तपासून बघू. ह्यूस्टन वसवलं ॲलन बंधूंनी, १८३६ साली. तेव्हा मोटार कुठली? नकाशाची आखणी ज्यांनी केली त्यांत गेल बोर्डन होते, पुढे आटवलेल्या दुधाच्या डब्यांसाठी प्रसिद्ध झालेले तेच. त्यांनी चौक आखले साधारण २५० फुटी. म्हणजे मिनिटभर चाललं की पुढचा कोपरा. सॉल्ट लेक सिटीचे चौक ६६० फुटी आहेत, त्यामानाने ह्यूस्टनची आखणी पायांना फारच सोयीची. तेव्हा दोष आखणीचा नाही. पायी चालणारा माणूस तिथे होता, नंतर तो हलवला गेला. कुठे हलवला, हे तिन्ही शहरांत वेगवेगळं आहे.

ह्यूस्टनने त्याला जमिनीखाली पाठवलं. १९३०च्या दशकात रॉस स्टर्लिंग यांनी, जे त्याआधी टेक्ससचे गव्हर्नर होते, आपल्या दोन इमारती भुयाराने जोडल्या. ह्यूस्टनचा उन्हाळा ज्याने सोसला आहे तो त्यांना नावं ठेवणार नाही. पुढे तेलाच्या पैशातून टॉवर उभे राहिले आणि प्रत्येक टॉवर शेजारच्या भुयाराला जोडला गेला. आज ही वाट सुमारे सहा मैलांची आहे, जमिनीखाली वीसेक फुटांवर, नव्वदहून अधिक चौकांच्या पोटातून जाणारी. खाली सगळं आहे. जेवण, न्हावी, डॉक्टर, थंड हवा. पण ही वाट बहुतांशी इमारतींच्या मालकांची. कचेऱ्या सुटल्या की ती बंद होते, आणि शनिवार-रविवारी जवळजवळ सगळीच बंद. आम्हाला त्या दिवशी माणसं का दिसली नाहीत, त्याचं उत्तर आमच्या पायांखाली कुलूपबंद होतं. आठवड्यातले पाच दिवस गिऱ्हाईक खाली गेलं, तेव्हा वरच्या दुकानदाराने काय करावं? तोही खाली गेला.

अटलांटाने त्याला वर चढवलं. हे गावच मुळी रेल्वेच्या शेवटच्या टोकाशी जन्मलं. गावाच्या मध्यातून रूळ, त्यावर गाड्यांची कोंडी. म्हणून १९२०च्या दशकात रुळांवरून पूल बांधून रस्ते एक मजला वर उचलले गेले. जुन्या दुकानांचे तळमजले तळघरं झाले. पुढे १९६०च्या दशकात वास्तुविशारद जॉन पोर्टमन यांनी पीचट्री सेंटर उभारायला घेतलं. १९६७ सालचं त्यांचं रीजन्सी हॉटेल, मधोमध बावीस मजली मोकळी पोकळी असलेलं, जगभर गाजलं. त्यांच्या इमारती वरच्या मजल्यांवर पुलांनी जोडलेल्या आहेत. गंमत अशी की पोर्टमन चालण्याचे वैरी नव्हते. माणूस सात ते दहा मिनिटं आनंदाने चालतो, त्यानंतर त्याला चाकांची आठवण होते, तेव्हा शहराचा घटक तेवढाच असावा, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. विचार उत्तम. पण चालणं रस्त्यावरून उचलून इमारतींच्या आत गेलं आणि रस्त्याला उरल्या भिंती. ज्या काळात हे झालं तो नागरी हक्कांच्या लढ्याचा काळ. मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर जिथे आहे तो ऑबर्न ॲव्हेन्यूचा परिसर त्याच सुमारास महामार्गाने चिरला गेला. वरच्या पुलांवर गोरा नोकरदार आणि खाली रस्त्यावर काळा रहिवासी, अशी टीका या पुलांवर होत आली आहे, ती या पार्श्वभूमीवर वाचायला हवी.

लॉस एंजेलिसने माणसाला वर पाठवलं नाही की खाली. त्याला कायद्याने कडेला सारलं. १९२० साली डाउनटाऊनमध्ये येणारे बहुतेक लोक ट्रामने येत, आणि कडेला उभ्या केलेल्या मोटारींमुळे ट्रामच अडकत. म्हणून त्या एप्रिलमध्ये नगर परिषदेने दिवसा तिथे मोटार उभी करायला बंदी घातली. ट्राम धावू लागल्या, पण दुकानदार ओरडले की गिऱ्हाईक तुटलं. काही आठवड्यांतच बंदी सैल झाली. पुढे १९२५ साली नवी वाहतूक नियमावली आली, मोटार-संघटनांच्या पाठबळाने. माणसाने ठरल्या जागी, ठरल्या वेळीच रस्ता ओलांडायचा. इतरत्र ओलांडला तर ते जेवॉकिंग. यातला 'जे' म्हणजे गावंढळ. शब्द बघा. हजारो वर्षं जो रस्त्याचा धनी होता, तो एका पिढीत रस्त्यावरचा अडाणी ठरला. या नियमावलीचा कित्ता पुढे देशभर गिरवला गेला.

आता तिन्ही ठिकाणांचा समान धागा पाहू. आपण धावत्या मोटारीला दोष देतो, पण डाउनटाऊन खरं पोखरलं ते उभ्या मोटारीने. हिशेब सोपा आहे. एक मोटार उभी करायला, येण्याजाण्याची वाट धरून, सुमारे तीस चौरस मीटर जागा लागते. कारकुनाला टेबलखुर्चीसाठी त्याहून कमी लागते. म्हणजे सगळे मोटारीने येणार असतील तर कचेरीपेक्षा मोठी जागा मोटारींना द्यावी लागते. ती कुठून आणायची? शेजारची जुनी इमारत पाडून.

याचं आमच्या आवडीचं उदाहरण आहे ते अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी मांडलेलं. लॉस एंजेलिसच्या डिस्नी संगीतगृहासाठी आधी सहा मजली भूमिगत गाडीतळ बांधला गेला, दोन हजारांहून अधिक मोटारींचा. तो १९९६ साली झाला. संगीतगृह उघडलं २००३ साली! सॅन फ्रान्सिस्कोचं डेव्हिस संगीतगृह १९८० साली उघडलं, स्वतःच्या गाडीतळाशिवाय. तिथे मैफल सुटली की लोक रस्त्यावर येतात आणि आजूबाजूच्या खानावळी, पुस्तकांची दुकानं त्यावर जगतात. लॉस एंजेलिसला श्रोता सरकत्या जिन्याने थेट आपल्या मोटारीपाशी उतरतो. शहरात येऊन शहराला न भेटता घरी जातो.

चित्र आता पालटतं आहे, हेही सांगायला हवं. लॉस एंजेलिसने १९९९ साली डाउनटाऊनमधल्या जुन्या रिकाम्या इमारतींत घरं करायला परवानगी दिली आणि नवे गाडीतळ बांधण्याची सक्ती केली नाही. हजारो लोक राहायला आले. कॅलिफोर्नियात २०२३च्या १ जानेवारीपासून, धडकेचा तत्काळ धोका नसेल तर, कुठेही रस्ता ओलांडल्याबद्दल पोलीस दंड करू शकत नाहीत. ह्यूस्टनच्या मेन स्ट्रीटवरून २००४ पासून पुन्हा रुळांवरची गाडी धावते. यांतल्या एकाही गावाला चौक नव्याने आखावे लागले नाहीत. माणसाला जमिनीवर उतरायचं कारण मिळालं, एवढंच.

आता आमच्या मूळ विषयाकडे येतो. सॉक्रेटिस तत्त्वज्ञान करत असे ते अथेन्सच्या बाजारात. तिथे चांभार भेटे, सेनापती भेटे, आणि कोणालाही थांबवून विचारता येई. ह्यूस्टनच्या भुयारात त्याला पहिला भेटला असता तो सुरक्षारक्षक, आणि प्रश्नही त्यानेच विचारला असता की, आपण कोणत्या कंपनीत? भुयारात गारवा आहे, पुलावर सुरक्षितता आहे, आणि दोन्ही ठिकाणी आपल्यासारखीच माणसं भेटतात. न निवडलेला माणूस फक्त रस्त्यावर भेटतो. चालण्याजोगं शहर कोणतं, हे फुटपाथच्या रुंदीवरून आम्ही आता ठरवत नाही. तिथे अनोळखी माणसाला कारणाशिवाय थांबता येतं का, हे बघतो.

आणि लक्षात घ्या, यात खलनायक कोणी नव्हता. स्टर्लिंगना गारवा हवा होता, पोर्टमनना उजेड, दुकानदारांना गिऱ्हाईक. प्रत्येक पाऊल शहाणपणाचंच वाटत होतं. म्हणून मुंबईत २००८ पासून स्टेशनांबाहेर स्कायवॉक उभे राहू लागले, तेव्हा आम्हाला पुलाच्या मजबुतीपेक्षा वेगळाच प्रश्न पडला होता. चालणाऱ्याला वर पाठवल्यावर खाली मोकळी झालेली जागा कोणाच्या पदरात पडली? तुमच्या गावात असा पूल किंवा भुयारी मार्ग होणार असेल, तर सभेत उठून एवढं जरूर विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.