प्रस्तावना : कानाचा रियाज

पहाटे खर्जाची मेहनत, मग कॉलेजचे तास, संध्याकाळी गुरुजींकडे तालीम आणि रात्री एखादी मैफल. संगीत शिकणाऱ्याचा दिवस असा भरगच्च असतो. त्यात लेखनाची भर कशाला, असे वाटणे साहजिक आहे. संगीतावर लिहिणे हाही रियाजच आहे, फक्त कानाचा, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. गाणे रंगले ते नेमके कशामुळे, हे चार वाक्यांत मांडायला बसले की आपण किती ऐकले आणि किती नुसतेच कानांवरून गेले, याचा हिशेब लागतो.

मराठीत हे लेखन घडवले ते संगीतात मुरलेल्या माणसांनी, आणि त्यांतले बरेच जण दुसरे व्याप सांभाळून लिहीत होते. पंडित भातखंडे वकील होते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ त्यांनी गुरु-शिष्याच्या संवादातून उलगडली. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांची परखड समीक्षा करत. ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ या प्रभातच्या चित्रपटांचे संगीतही त्यांचेच. वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. सुरेशबाबू माने, मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे शिकलेल्या या माणसाने 1961 साली ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय ही दोन टोके धरून घराण्यांची मांडणी केली : किराणा स्वराकडे झुकलेले, आग्रा लयीकडे, जयपूर दोहोंचा तोल साधणारे. ही मांडणी पटो वा न पटो, तिच्याशी वाद घालता येतो. चांगल्या समीक्षेची ती खूण आहे.

पत्रकारितेला मात्र ग्रंथलेखनाची सवड नसते. मैफल संपते आणि पान लावणारा मजकुराची वाट पाहत असतो. अशा घाईत ‘बहारदार’, ‘मंत्रमुग्ध’ हे शब्द आयते धावून येतात आणि मग कोणाच्याही मैफलीला कोणाचाही वृत्तांत चालतो. त्यावर उपाय साधा आहे. राग, बंदिश, ताल आणि साथीदारांची नावे जागच्या जागी टिपावीत. विलंबित ख्यालाची लय किती संथ होती, समेवर येण्याची तऱ्हा कशी होती, तबलजीला किती मोकळीक मिळाली, हे पाहावे. विशेषण त्यानंतर, आणि तेही गरज असेल तरच.

परीक्षण, मुलाखत, व्यक्तिचित्र आणि मृत्युलेख या चार प्रकारांची चर्चा पुढील प्रकरणांत केली आहे. शेवटचे प्रकरण नैतिकतेचे आहे. संगीताचे जग लहान. आज ज्याच्यावर लिहायचे, तो उद्या आपला परीक्षक किंवा गुरुबंधू असू शकतो. आपल्या गुरूंच्या मैफलीचे परीक्षण करू नये. करावेच लागले, तर नाते वाचकाला आधी सांगावे. आयोजकाचा पास घेतला म्हणून त्याची स्तुती करण्याचे बंधन येत नाही.

पुस्तक एका बैठकीत संपवण्याची घाई नको. या आठवड्यात एकच मैफल किंवा ध्वनिमुद्रण लक्षपूर्वक ऐका, त्यावर दीडशे शब्द लिहा आणि ते आपल्याबरोबर शिकणाऱ्या कोणाला तरी वाचून दाखवा. मग पहिल्या प्रकरणाकडे वळा.