१३ सप्टेंबर १९४८ : नळदुर्ग पडले

सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने त्या दिवशी पहाटे नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि हैदराबाद संस्थानाचे दार उघडले. दुपारी रणगाडे उमरग्यात होते.

संस्थानाचे शासक निजाम उस्मान अली खान यांच्या खजिन्याला तोटा नव्हता. महायुद्धांत त्यांनी ब्रिटिशांच्या लढाऊ विमानांसाठी पैसा पुरवला. १९२९च्या औद्योगिक निधीने नांदेडच्या उस्मानशाही मिलला, बोधनच्या साखर कारखान्याला भांडवल मिळाले. हे काम मोलाचेच. पण स्वतःचे राज्य संकटात असताना पाकिस्तानला २० कोटींचे कर्ज, सिडनी कॉटन या वैमानिकाच्या विमानांतून चोरटी शस्त्रे, हा प्रजेच्या पैशाचा अक्षम्य अपव्यय होता. अखेर १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.